न शिवता ऐकणारा चुंबक

वस्तूला भिडल्याशिवाय तिचं ज्ञान होतं का, यावर आपल्या दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातला. न्यायसूत्रांचं म्हणणं ठाम आहे: इंद्रिय आणि विषय यांचा सन्निकर्ष झाला तरच प्रत्यक्ष ज्ञान. नैयायिकांच्या मते डोळ्यातून तेज निघून वस्तूपर्यंत पोचतं आणि शब्द लाटेमागून लाट येत कानाला लागतो. बौद्धांना हे पटलं नाही. वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’च्या भाष्यात डोळा, कान आणि मन ही तिन्ही विषयाला न भिडता जाणतात, अशी बाजू मांडली. जैनांनी त्यातून कान वगळला. डोळा आणि मन तेवढे ठेवले. बोरिवलीच्या कान्हेरीत लेण्यांची शंभरी ओलांडणारी वस्ती उभारली ती बौद्धांनी, आणि घाटकोपर-मुलुंडमध्ये देरासरं आजही गजबजलेली आहेत. म्हणजे या वादातले दोन पक्ष आपल्या उपनगरांना परके नाहीत. अंधेरीतल्या एखाद्या भाड्याच्या जॅमरूममध्ये, इलेक्ट्रिक गिटारच्या हंबकर पिकअपमध्ये, या वादाचा पुरावा स्क्रूने बसवलेला असतो, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

वसुबंधूपुढे आक्षेप होता, न भिडता दिसत असेल तर आडोशामागचं आणि दूरचं सगळंच का दिसत नाही? त्याने लोहचुंबकाकडे बोट दाखवलं. चुंबक न शिवलेलं लोखंड ओढतो, पण म्हणून जगातलं सगळं लोखंड ओढत नाही. उलट डोळ्यात घातलेलं अंजन डोळ्याला चिकटूनच असतं, आणि डोळ्याला नेमकं तेच दिसत नाही. त्याचा चुंबक फक्त दृष्टांत होता. पुढे विसाव्या शतकात चुंबक खरोखरच ऐकण्याच्या कामाला लागला. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन कॉइल शेजारीशेजारी असतात आणि खाली एक चुंबक. कॉइलमधल्या लोखंडी पोलांमुळे वरची पोलादी तार स्वतःच किंचित चुंबकित होते. ती थरथरली की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि कॉइलमध्ये वीज उमटते. तार पिकअपला कुठेही टेकत नाही.

न टेकता ऐकायचं, तरी तार पोलाच्या नेमकी वर असावी लागते का? इथे येतो पोलांमधल्या अंतराचा प्रश्न. गिब्सनच्या जुन्या मापात पहिल्या पोलापासून सहाव्यापर्यंत साधारण 49 मिलिमीटर भरतात. फेंडर किंवा फ्लॉइड रोझ पद्धतीच्या ब्रिजवर तारा जास्त फाकतात, म्हणून काही कंपन्या 52-53 मिलिमीटरचा रुंद हंबकर वेगळा विकतात. अरुंद पिकअप तिथे बसवला की कडेच्या दोन तारा पोलांच्या मध्यावरून सरकलेल्या दिसतात आणि नवा वादक हवालदिल होतो. हिशेब केला तर ही सरक प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटरांच्या आतबाहेर येते. पोलाच्या स्क्रूचं डोकं पाचेक मिलिमीटरांचं असतं. तार अजून त्याच्यावरच आहे. शिवाय चुंबकीय क्षेत्र डोक्याच्या कडेला कुंपण घालून थांबत नाही. शेजारच्या तारेची चाहूलही तो पोल घेतच असतो. मग कंपन्या रुंद माप का विकतात? कडेची तार बोटाने ओढून स्वर चढवताना कधीकधी फरक पडतो, हे खरं. पण माझ्या मते त्या विक्रीत कानापेक्षा डोळ्याचं समाधान अधिक आहे. तार पोलाच्या अगदी मध्यावर असली आणि हलली नाही, तर पिकअपला काहीच कळत नाही. जाणलं जातं ते तारेचं असणं नव्हे, तिचं बदलणं.

नैयायिक इथे म्हणेल की क्षेत्र पोचलं हाच सन्निकर्ष. मान्य. पण मग तो ‘आहे किंवा नाही’ असा राहत नाही; कमी-जास्त होतो, आणि दोन्ही दिशांनी काम करतो. जाणकार मेकॅनिक पिकअप तारेच्या फार जवळ आणत नाही, तो याच कारणाने. चुंबक तारेला ओढू लागतो, तिचं कंपन बिघडतं, स्वर दुहेरी आणि बेसूर येतो. जवळिकीने इथे ज्ञेयच बदललं. म्हणून अंजनाचा दाखला मला तेजाच्या किरणांहून वजनदार वाटतो.

शिवाय संबंध पुरेसाही नाही. उपनगरातल्या खोलीत ट्रान्सफॉर्मर, डिमर आणि भिंतीतल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण कॉइलपर्यंत बिनदिक्कत पोचते, पोलांचं अंतर काहीही असो. हंबकर ती टाकून देतो. दोन कॉइल विरुद्ध जोडलेल्या असल्याने दोघींत सारखी शिरलेली गुणगुण एकमेकींना मारते; तारेच्या बाबतीत दोन्हीकडचे ध्रुवही उलटे असल्याने तिचा आवाज मात्र जमा होतो. यावर शेवटचा आक्षेप असा, की पिकअप काही जाणत नाही, तो निर्जीव आहे. पण न्यायमतातही इंद्रिय स्वतः जाणत नाही. ते करण आहे, जाणणारा आत्मा वेगळा. गुणगुण हा गोंगाट आणि तार हा विषय, हा निर्णय कॉइलने नव्हे, लव्हरने घेतला. सन्निकर्षाच्या व्याख्येत या निवडीला जागा द्यावी लागेल, आणि ती जागा पोलांमधलं अंतर मोजून सापडणार नाही.