मल्लाच्या अंगावरची जागा कोणाची?

ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकहून परतलेल्या विनेश फोगटला भारतीय कुस्ती महासंघाने तात्पुरते निलंबित केले. बेशिस्तीचे तीन आरोप होते. भारतीय संघातल्या इतर मल्लांसोबत ती राहिली नाही, त्यांच्यासोबत तिने सराव केला नाही, आणि लढतीला उतरताना भारतीय पथकाच्या अधिकृत प्रायोजकाचा, म्हणजे शिव नरेशचा, पोशाख सोडून तिने नायकीचा पोशाख घातला. पुढे तिने माफी मागितली आणि ताकीद देऊन प्रकरण मिटले. पहिले दोन आरोप कोणत्याही संघाच्या शिस्तीत बसणारे आहेत. तिसरा मात्र वेगळ्या जातीचा आहे. मल्लाच्या अंगावर कोणत्या कंपनीचे नाव असावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या नावाचे पैसे कोणाच्या खिशात जातात, हा प्रश्न त्या आरोपात दडलेला होता. तो तेव्हा कोणी नीट विचारला नाही.

लढणाऱ्या खेळाडूकडे विकण्यासारखे फार थोडे असते. क्रिकेटपटूचा शर्ट मंडळाच्या प्रायोजकाचा असला तरी त्याची बॅट त्याची स्वतःची असते. सचिन तेंडुलकरच्या बॅटवरची एमआरएफ ही अक्षरे एका पिढीला पाठ झाली, आणि त्या जागेचे पैसे सचिनचे होते. मल्लाच्या, मुष्टियोद्ध्याच्या, पिंजऱ्यात लढणाऱ्या फायटरच्या हातात बॅट नसते. त्याच्या अंगावरचे वीतभर कापड हीच त्याची विकाऊ जागा. संघटनेने ती एका कंपनीला एकगठ्ठा देऊन टाकली की त्याच्याकडे दुसरे काही उरत नाही.

हे कसे घडते याचे सर्वांत उघड उदाहरण पिंजऱ्यातल्या लढती (एमएमए) भरवणाऱ्या अमेरिकेतल्या यूएफसी या कंपनीचे आहे. २०१५च्या जुलैपर्यंत तिथला फायटर आपल्या चड्डीवर आपापले प्रायोजक मिळवून लावत असे. लढतीपूर्वी त्याच्या मागे कोपऱ्यातली माणसे त्या प्रायोजकांचा फलक धरून उभी राहत. ही व्यवस्था आदर्श नव्हती. कोणत्या कंपनीला परवानगी द्यायची हे यूएफसीच ठरवायची, आणि २००९पासून त्या परवानगीसाठी प्रायोजकांकडून पैसेही घेत होती. पण सौदा फायटरचा होता. २ डिसेंबर २०१४ला यूएफसीने रीबॉकशी करार जाहीर केला. सहा वर्षांचा, बातम्यांनुसार सुमारे ७ कोटी डॉलरचा. जुलै २०१५पासून पिंजऱ्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने रीबॉकचाच गणवेश घालायचा आणि लढतीच्या आठवड्यात दुसरे कोणतेही नाव अंगावर मिरवायचे नाही.

त्या पैशांच्या वाटपाचा तक्ता पाहण्यासारखा आहे. यूएफसीत पाचपर्यंत लढती झालेल्याला दर लढतीमागे २,५०० डॉलर, सहा ते दहा झालेल्याला ५,०००, मग १०,०००, १५,०००, आणि एकवीस लढतींच्या पुढे २०,०००. विजेतेपदाच्या आव्हानवीराला ३०,००० आणि विजेत्याला ४०,०००. प्रेक्षक कोणाला पाहायला येतात, कोणाचे नाव विकले जाते, याला विजेतेपदाच्या लढती सोडल्या तर किंमतच नाही. ज्याची बाजारातली किंमत चांगली होती त्याचे नुकसान मोठे झाले. ब्रेंडन शॉब या हेवीवेट फायटरने उघड सांगितले की आधी प्रायोजकांकडून आपल्याला सहा आकडी डॉलर मिळत, आणि नव्या तक्त्यात आपली पायरी १०,००० डॉलरची आहे. जखमा थोपवणारे कटमॅन जेकब ‘स्टिच’ ड्युरान यांनी आपल्यासारख्यांचेही प्रायोजक गेल्याचे पत्रकारांना सांगितले, त्याच महिन्यात त्यांचे काम गेले. २०२१मध्ये रीबॉकची जागा व्हेनमने घेतली, पायऱ्यांचे आकडे थोडे वाढले, नवख्याला ४,००० आणि विजेत्याला ४२,००० मिळू लागले. रचना तीच राहिली.

या कराराची बाजू मांडणारे लोक दुष्ट नाहीत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखेही नाही. नवख्या फायटरला आधी अनेकदा काहीच मिळत नसे. छोट्या कंपन्या पैसे कबूल करून बुडवत. एकसारख्या गणवेशाने खेळाला भारदस्तपणा येतो, आणि त्यामुळे मोठ्या कंपन्या येतात. हे सगळे खरे मानले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. मोठ्या कंपन्या आल्या, खेळाचा भाव चढला, जुलै २०१६मध्ये यूएफसी सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली गेली. त्या चढलेल्या भावात अंगावर घाव सोसणाऱ्याचा वाटा किती? फायटरांनी २०१४मध्येच मक्तेदारीविरोधी खटला भरला होता. तो गणवेशापुरता नव्हता, एकूण मेहनतान्याबद्दल होता. एकाच मोठ्या संस्थेने बाजारावर कब्जा करून आमचा मोबदला दाबला, उत्पन्नातला आमचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवला, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षांनी, २०२४मध्ये, यूएफसीने ३७.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंना उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा मिळतो, कारण त्यांची संघटना करार करते. यूएफसीच्या फायटरांना अशी संघटना नाही. कायद्याने ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. स्वतंत्र कंत्राटदार म्हटले की निवृत्तिवेतन, भरपाई, सुट्टी यांची जबाबदारी कोणी घेत नाही. पण कपडा कोणता घालायचा, कोणाचे नाव मिरवायचे, हे हुकूम मात्र नोकराला सुटावेत तसे सुटतात. नोकराची बंधने आणि कंत्राटदाराची असुरक्षितता, दोन्ही एकाच माणसाच्या माथी मारली जातात. एकतर त्याला नोकर माना आणि नोकराचे हक्क द्या, नाहीतर त्याच्या अंगावरची जागा त्याला विकू द्या.

मी सीबीडी बेलापूरला राहतो. इथल्या व्यापारी इमारतींत आता बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, एमएमएचे वर्ग भरतात, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या टी-शर्टवर व्हेनमचे नाव दिसते. ते नाव त्यांच्यापर्यंत पोचले ते फायटरांच्या अंगावरून. हा रस्ता मराठी मुलांना परका राहिलेला नाही. मुंबईचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७मध्ये शांघायला यूएफसीत उतरला, ते रीबॉकच्याच काळात. उद्या बेलापूरचा एखादा मुलगा तिथे पोचला तर त्याच्या आईवडिलांसमोर इंग्रजी कराराचा जाडजूड गठ्ठा येईल, आणि त्यातले कोणतेही कलम बदलून मागण्याची त्यांची ताकद नसेल.

पण नवी मुंबईत याचे उत्तरही आहे, आणि ते पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रानेच लिहून ठेवले आहे. वाशी-तुर्भेच्या घाऊक बाजारात पोती उचलणारा माथाडी कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून त्याची जबाबदारी घेणारेही कोणी नव्हते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी संघटित झाले आणि १९६९मध्ये माथाडी कायदा आला. त्याने त्रिपक्षीय मंडळे निर्माण केली. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची, आणि त्यातून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, औषधोपचार मिळायचे. मालक अनेक, काम तुटक, तरी हक्क सलग. सातारा-सांगलीकडून आलेल्या या माणसांच्या गावांत तालीम असतेच. पाठीवर पोते घेणारा आणि मातीत उतरणारा पुष्कळदा एकाच घरातला असतो. मग एकाला मिळालेले संरक्षण दुसऱ्याला का नसावे? मैदान भरवणारा, लीग चालवणारा, प्रायोजकत्व विकणारा यांनी प्रत्येक करारातला ठरावीक टक्का मल्लांच्या मंडळाकडे भरावा, हे सांगायला परदेशातून सल्लागार आणायची गरज नाही.

आपल्या कुस्तीतला पैसा आजही बराचसा जुन्या वळणाचा आहे. जत्रेच्या मैदानात जोड ठरते, इनाम ठरते, हलगी वाजते, कुस्ती लावणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. मल्लाच्या अंगावर लंगोटाशिवाय काही नसते. इनाम उघड असते. कोणी किती दिले आणि कोणाला दिले हे सगळ्या गावाने ऐकलेले असते. या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. ती लहरीवर चालते, आणि दुखापत झालेल्याचा खुराक दुसऱ्या दिवशी बंद पडतो. खाशाबा जाधव १९५२मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या ७,००० रुपयांवर. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा पैशातून आले. मल्लाला मोठा, नियमित प्रायोजक हवा, हे त्यामुळे मला पटलेले आहे. प्रश्न प्रायोजक हवा की नको हा नाहीच.

तो पैसा मल्लापर्यंत पोचवता येतो हेही आपण पाहिले आहे. २०१८मध्ये टाटा मोटर्स महासंघाची मुख्य प्रायोजक झाली आणि त्याच वर्षी भारतीय मल्लांना प्रथमच श्रेणीवार वार्षिक करार मिळाले. अ श्रेणीला ३० लाख, ब श्रेणीला २० लाख, क श्रेणीला १० लाख. प्रायोजकाचे नाव आणि मल्लाचा आकडा एकाच वेळी लोकांसमोर आला. विनेश तेव्हा अ श्रेणीत होती. तीन वर्षांनी पोशाखावरून तिच्यावर आरोप ठेवला गेला तेव्हा त्या पोशाखाच्या करारातून तिला काय मिळणार होते, याचा उल्लेख कुठेही नव्हता.

क्रिकेटपटूंनी हे भांडण आधी लढले आहे. २००२मध्ये आयसीसीने स्पर्धेच्या आधी आणि नंतर तीस दिवस प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या जाहिराती करण्यावर बंदी घातली, तेव्हा भारतीय खेळाडूंनी सही करायला नकार दिला. पुढे भारतीय क्रिकेट मंडळाच्या उत्पन्नाच्या २६ टक्के वाटा खेळाडूंचा, हे सूत्र रुळले. ते मोठे खेळाडू होते, म्हणून नकार देऊ शकले. एकटा मल्ल नकार देतो तेव्हा त्याला निलंबन मिळते.

कायदा थोडी मदत करतो, पुरेशी नाही. १८७२च्या करार कायद्याचे कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवते. श्रीरामपूरच्या झहीर खानने त्याचा आधार घेतला होता, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुदत संपल्यावर व्यवस्थापन कंपनी खेळाडूला बांधून ठेवू शकत नाही. पण करार चालू असतानाची बंधने न्यायालये सहसा मान्य करतात, आणि गणवेशाचे बंधन नेमके त्याच काळातले असते.

म्हणून उपाय कराराच्या टेबलावरच व्हायला हवा. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने प्रत्येक राष्ट्रीय क्रीडासंस्थेत खेळाडूंची समिती अनिवार्य केली आहे. त्या समितीच्या संमतीशिवाय एकाच कंपनीला गणवेशाचा मक्ता देणारा कोणताही करार होऊ नये. कराराची रक्कम आणि त्यातला खेळाडूंचा टक्का जाहीर व्हावा. देशाच्या पोशाखात एकरूपता असू द्या, तिचा मला आदर आहे. पण खासगी लीगमध्ये आणि मैदानात पोशाखावरची एक जागा मल्लाची स्वतःची राहावी, ती विकायची की कोरी ठेवायची हे त्याने ठरवावे. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला आज चांदीच्या गदेसोबत गाडी मिळते, त्याचा आनंदच आहे. पण पहिल्याच फेरीत बाद झालेल्या पोरालाही त्या स्पर्धेच्या प्रायोजकत्वातला वाटा हक्काने मिळायला हवा, आणि याची सुरुवात राज्य कुस्तीगीर परिषदेने पुढच्याच स्पर्धेपासून करावी.