फासा आणि चिठ्ठी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या राजदरबारात जी यांत्रिक मेजे नावाजली गेली, त्यांच्या कर्त्यांत जर्मन मुलुखातून आलेले कारागीर पुष्कळ होते. त्यांपैकी डेव्हिड रोएंटगेन याची कथा धर्मविचार करणाऱ्याला अधिक काळ थांबवून धरते. ऱ्हाइनकाठच्या नॉयवीड गावी त्याच्या पित्याने थाटलेला कारखाना मोरेव्हियन या ख्रिस्ती बंधुसमाजाच्या छायेत वाढला. राहणी साधी असावी, श्रम ईश्वरार्पण करावेत आणि जुगाराला शिवू नये, अशी त्या समाजाची शिकवण. आणि त्याच कारखान्यात सरदारांसाठी पत्ते, बुद्धिबळे व फासे खेळण्याची मेजे घडत होती. १७८० मध्ये पॅरिसच्या कारागीरसंघाने डेव्हिडला उस्तादाची सनद दिली.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच सुमाराचे त्याचे एक मेज आहे. मिटलेले असता ते भिंतीशी टेकवून ठेवण्याजोगे; पण त्याच्या फळ्या पोथीची पाने उलटावीत तशा एकेक उलटत गेल्या की कधी पत्त्यांची बैठक, कधी बुद्धिबळाचा पट उघडतो, आणि कळ सुटताच त्रिकत्राक या फाशांच्या खेळाची पेटी स्प्रिंगच्या जोराने पोटातून आपोआप वर येते. पाहुण्याला हा चमत्कार वाटे. कारागिराच्या लेखी मात्र तो बिजागरी, खिट्टी आणि स्प्रिंग यांचा चोख जमाखर्च होता. ज्या मेजावर सारे दैवाधीन मानून फासे टाकले जात, त्या मेजाच्या पोटात दैवाला तिळभरही थारा नव्हता.

येथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. कारण हाच मोरेव्हियन समाज ईश्वरेच्छा जाणून घेण्यासाठी चिठ्ठ्या काढीत असे. धर्मप्रसारक कोणी व्हावे, विवाह कोणाचा कोणाशी व्हावा, असे प्रश्न प्रार्थनेनंतर चिठ्ठीवर सोपवले जात. एकीवर होकार, दुसरीवर नकार, तिसरी कोरी. आपल्याकडे कोकणात व गोव्यात देवाला कौल लावतात, त्याचीच ही भावंडे. मग हाताने उचललेली चिठ्ठी आणि हातून पडलेला फासा यांत भेद कोणता? कर्जाच्या पेचातून सुटण्यासाठी याच कारखान्याने १७६९ मध्ये हँबुर्ग येथे आपल्या मालाची सोडत काढली, तेव्हा तर चिठ्ठी आणि जुगार एकाच घरी नांदले.

फाशाचे पडणेही गती, भार आणि कोन यांनी ठरते. यदृच्छा म्हणून आपण जिला ओळखतो ती पुष्कळदा न दिसणारी यंत्ररचनाच असते, हा आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे. किंबहुना म्हणूनच चिठ्ठीतून भविष्य कळते असे मी मानीत नाही. परंतु जो मनुष्य आपली इच्छा आधी खाली ठेवतो आणि मगच चिठ्ठीला हात घालतो, त्याला होकार व नकार दोन्ही सारखेच ग्राह्य असतात. खेळाडू मात्र फासा हातातून सुटेपर्यंत आपली इच्छा उत्तरोत्तर तीव्र करीत जातो. भेद आहे तो या अंतःकरणाच्या स्थितीत. तो कागदात नाही, हस्तिदंतात नाही, मेजाच्या खिट्टीत तर नाहीच; म्हणून ते मेज घडवणाऱ्या हातांना मी दोषी धरणार नाही.

परंतु असे असेल तर ही निरिच्छा कोणाच्या हुकमाने उत्पन्न होईल काय? ज्या तरुणाचे मन एका मुलीवर जडले आहे, त्याला केवळ समाजाचा नियम म्हणून चिठ्ठीपुढे बसवले, तर तो ओठांनी प्रार्थना करीत असतानाही मनाने त्रिकत्राकच खेळत असतो, आणि नकार निघाला की त्याला ईश्वराची आज्ञा नव्हे, हरलेला डाव दिसतो. १८१८ मध्ये या समाजाच्या महासभेने सामान्य सभासदांच्या विवाहांसाठी चिठ्ठीची सक्ती काढून टाकली. तो निवाडा धर्माला धरूनच झाला, असे माझे मत आहे.