उसन्या नावाचं नातं

3 डिसेंबर 2019 ची सकाळ आपल्या शहराच्या अजून लक्षात असेल. सिडको एन-1 सारख्या भरवस्तीत एक बिबट्या शिरला होता. वनखात्याच्या लोकांनी काही तासांच्या खटपटीनंतर त्याला पकडून नेलं. पुढे जुलै 2024 मध्ये उल्कानगरीतल्या सीसीटीव्हीत पुन्हा एक बिबट्या दिसला. अशा वेळी आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'वाघ'. खेड्यापाड्यांत बिबट्याला बिबट्या म्हणणारा क्वचितच भेटतो. तिकडे तो सरसकट वाघच असतो. फार तर 'पट्टेरी' कोणता आणि 'बिबट्या' कोणता एवढा फरक करतात.

दोघं एकाच कुळातले, मग थोरल्याचं नाव धाकट्याला लावलं तर बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं, की नावाच्या मागोमाग थोरल्याची भीतीही धाकट्याच्या अंगाला चिकटते. पट्टेरी वाघाला मोठं जंगल लागतं, सांबरासारखी मोठी शिकार लागते. 2021 साली टिपेश्वरच्या जंगलातून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ आपल्या गौताळा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा ती साऱ्या मराठवाड्याची बातमी झाली होती. बिबट्याचं तसं नाही. तो वजनाने वाघाच्या तिसऱ्या हिश्शाइतका. उसाच्या फडात, ओढ्याच्या कडेच्या झाडीत, गावाला लागून तो राहतो. कुत्री, शेळ्या, डुकरं यांच्यावर गुजराण करतो आणि माणसाला होता होईतो टाळतो. पण 'वाघ आला' म्हटलं की गल्ली भरते, गच्च्या भरतात, आरडाओरडा होतो, दगड उचलले जातात. निघून जायला वाट शोधणारा तो जीव चहूबाजूंनी कोंडला जातो, आणि मग एखाद्याच्या अंगावर धावतो. बिबट्या धोकादायक नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो ज्या प्रकारे धोकादायक आहे ते समजून घ्यायला त्याची वेगळी ओळख लागते, आणि ती ओळख उसन्या नावाखाली झाकली जाते.

असं नाव उसनं देण्याची सवय भाषेला फार जुनी आहे. गावात नवा माणूस आला की आधी त्याचं नाव कुणी विचारत नाही, 'कुणाचा कोण?' असं विचारतात, आणि कुणाचा तरी पाहुणा, कुणाचा तरी जावई म्हणून तो ओळखू येतो. प्राण्यांचंही तसंच झालं. पाण्यात पोहणारा, मऊ केसांचा, मिशाळ जीव दिसला, त्याला पाणमांजर म्हटलं. रात्री माळ्यावर खुडबुड करणारं, फळं खाऊन त्यांच्या बिया दूरवर टाकणारं जनावर दिसलं, त्याला उदमांजर म्हटलं. यांतलं एकही मांजर नाही. हिरवाकंच दिसतो म्हणून माश्या टिपणारा पक्षी वेडा राघू झाला. पोपटाशी त्याचं दूरचंही नातं नाही. जगभर हेच चाललंय. शहामृगाला फारसीत शुतुरमुर्ग म्हणतात, म्हणजे उंटपक्षी. आपल्या शहरातल्या उर्दूतही तोच शब्द आहे. जिराफाच्या शास्त्रीय नावात उंट आणि बिबट्या असे दोघं दडलेले आहेत. अनोळखी जिवाला ओळखीच्या जिवाच्या शेजारी बसवणं ही ओळखीची पहिली पायरी आहे, आणि त्यात वाईट काही नाही. प्रश्न येतो तो पहिल्याच पायरीवर बसून राहण्याचा.

आता नीलगाय घ्या. ती गाय नाही, कुरंगांच्या वर्गातलं ते आपल्या उपखंडातलं सर्वांत मोठं जनावर आहे. निळसर करडा रंग असतो तो फक्त मोठ्या नराचा. मादी आणि पिल्लं तांबूस, मातकट रंगाची असतात. शास्त्रज्ञांनाही हिला नेमकं कुठे बसवावं हे कळेना, म्हणून तिचं शास्त्रीय नाव झालं 'बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस'. त्यात बैल आला, हरीण आलं, बोकड आला आणि उंटही आला. चार जनावरं एका नावात कोंबली, तरी ती पाचवीच उरली.

उत्तर भारतात या नावातल्या 'गाय'ने तिला मोठं कवच दिलंय. पीक गेलं तरी अनेक शेतकरी तिच्यावर हात उचलत नाहीत. ही भावना आड येऊ नये म्हणून हरियाणा सरकारने तिला 'रोझ' म्हणायचं ठरवलं, इतकं त्या दोन अक्षरांचं वजन! आपल्याकडे कन्नड, वैजापूर, सिल्लोडच्या शेतकऱ्याला नीलगाय म्हटलं तर तो क्षणभर थांबेल, मग म्हणेल, 'रोही म्हणता का?' त्याच्या बोलण्यात गाय नाहीच. हरभऱ्याचे घाटे भरू लागले की तो रात्री जागल करतो, बांधाला जुन्या साड्यांचं कुंपण लावतो. रोही कळपाने कुठून येतात, लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी कशा जातात, हे तो जाणतो. ज्याचा त्या प्राण्याशी रोजचा संबंध आहे त्याने त्याला स्वतःचं नाव दिलंय. तो त्याच्यावर चिडतो, नुकसानभरपाईसाठी तहसील आणि वनखात्याच्या चकरा मारतो, पण त्याला भलतंच काही समजत नाही. उसनी नावं बहुधा लांबून पाहणाऱ्यांची असतात.

'गाय' शब्दाचं कवच सगळ्यांनाच मिळतं असंही नाही. गोगलगायीच्या नावातही गाय आहे. डोक्यावर शिंगांसारखी दिसणारी स्पर्शेंद्रियं आणि ती सावकाश, बिनआवाजी चाल, म्हणून ती गाय झाली असावी. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण साळसूद दिसणाऱ्या कपटी माणसाला लावतो, आणि त्या बिचारीला उगाच बदनाम करतो. तिचं पोट हाच तिचा पाय. शास्त्रात तिच्या वर्गाचं नाव 'गॅस्ट्रोपोडा' आहे, त्याचाही अर्थ पोट-पायच. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हा शेतकऱ्यांनी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर अंथरली, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या. तिथे नावातल्या गायीने कुणाचा हात धरला नाही, आणि धरायलाही नको होता. ज्याचं पोट पिकावर आहे त्याने पीक वाचवायलाच हवं. पण त्या शेतकऱ्याने गोगलगाय कधी बाहेर पडते, दिवसा कुठे लपते, कशाला भुलते याचा अभ्यास केला, म्हणून तो तिला आवरू शकला. शत्रू म्हणूनसुद्धा नीट ओळख लागते.

दिल्ली दरवाजाजवळच्या सलीम अली सरोवराकडे सकाळी गेलात, तर उसन्या नावांची शाळाच भरलेली दिसते. या तलावाचं जुनं नाव खिजरी तलाव. आता तो पक्ष्यांसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या नावाने ओळखला जातो. तिथे पाणकोंबडी आहे, ती कोंबडीपेक्षा सारस-क्रौंचांच्या जवळची. गायबगळा आहे, त्याच्या नावातली गाय त्याच्या सोबतीची: ती चरताना जे किडे उडतात ते तो टिपतो. आणि पाणकावळा आहे. मासा पकडायला तो पाण्याखाली खोल सूर मारतो. बदकासारखी त्याची पिसं कोरडी राहत नाहीत, भिजतात. म्हणूनच त्याला इतकं सहज बुडी मारता येते. मग काठावरच्या वाळक्या फांदीवर बसून, दोन्ही पंख पसरून तो उन्हात बराच वेळ वाळत राहतो. कावळ्याला हे जमणार नाही. काळा रंग सोडला तर दोघांत समान काही नाही. तरी युरोपातही लॅटिनमध्ये त्याला समुद्रातला कावळाच म्हटलं गेलं.

जवळच झुडपात तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा एक पक्षी हळूहळू चालताना दिसेल. तो दिसला की पाहणारा हात जोडतो, कारण तो भारद्वाज आहे. ऋषीचं नाव, आणि दर्शन शुभ. याच पक्ष्याला काही गावांत कुंभारकावळा म्हणतात. कोकिळेच्या कुळातला हा पक्षी ना कावळा, ना ऋषी. पण एका नावाने त्याला नमस्कार मिळतो आणि दुसऱ्या नावाने त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. पक्षी तोच, किडे-सरडे-गोगलगायी खाऊन बागेची राखण करणारा. आपला आदर आपण त्याच्या कामाला देतो की त्याच्या नावाला, हे एकदा स्वतःला विचारून पाहावं.

या सगळ्यांत उसन्या नावामुळे ज्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष झालं असं मला वाटतं, तो जीव म्हणजे खवल्या मांजर. त्याच्या तोंडात एकही दात नाही. लांब चिकट जीभ वारुळात घालून तो मुंग्या आणि वाळवी खातो. अंगावरचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि त्याला शेपटीवर बसवून फिरवते. धोका दिसला की तो अंगाचा घट्ट गोळा करतो; बिबट्याला तो गोळा उलगडता येत नाही. माणसाला मात्र तो उलगडायची गरजच नसते, तो उचलून पोत्यात घालतो. लाखो वर्षं ज्या युक्तीने त्याला वाचवलं, तीच माणसापुढे त्याच्या जिवावर उठली. खवल्यांत औषध आहे या खोट्या समजुतीपायी त्याची जगभर इतकी चोरटी शिकार झाली, की 2016 साली जगातल्या देशांनी मिळून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली. आपल्या कायद्यानेही त्याला वाघाइतकंच संरक्षण दिलंय. पण 'मांजर' म्हटल्यावर कुणाला काळजी वाटणार? मांजरं काय, गल्लोगल्ली असतात.

अशा जिवासाठी चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी 'खवलोत्सव' केला, खवल्या मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून मिरवली. ज्याला आजवर नीट नावही मिळालं नव्हतं त्याला गावाने मान दिला आणि राखायचं ठरवलं. नाव बदललं नाही. नातं बदललं.

नाव आणि नातं यांचा सर्वांत मोठा धडा तर आपल्याच जिल्ह्यात, पैठणला, गोदावरीच्या नागघाटावर दिला गेला असं परंपरा सांगते. तेराव्या शतकात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे आली. नावं ऐकून कुणी तरी हसून म्हणालं की नावात काय आहे, तो पखाल वाहणारा रेडा येतोय ना, त्याचंही नाव ज्ञानाच आहे. बोलणाऱ्याने माणसाला हिणवण्यासाठी त्याला जनावराच्या रांगेत बसवलं होतं. ज्ञानदेवांनी ते नाकारलं नाही. त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही, असंच त्यांनी सांगितलं. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला, आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. पुढे रेड्याच्या मुखातून वेद वदवले, ही कथा घराघरांत सांगितली जाते. मला मात्र वेदांपेक्षा ते वळ जास्त महत्त्वाचे वाटतात. नाव सारखं आहे ना, मग दुखणंही सारखं, इतका सरळ हिशोब त्यांनी मांडला. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे, आणि लोक आजही तिथे डोकं टेकवतात.

आपण कितीतरी जिवांना आपल्या ओळखीची नावं दिली. गोठ्यातली गाय दिली, चुलीजवळचं मांजर दिलं, अंगणातला कावळा दिला. नाव देताना हात सैल सोडला, नातं निभावताना मात्र आखडता घेतला. पाणमांजराचं पाणी आपण गढूळ केलं, खवल्या मांजराचं रान आपण जाळलं, आणि बिबट्या वस्तीत आला की तो कुठून आला हे विचारायचं सोडून त्याच्या मागे धावलो. ज्याला आपल्या घरातलं नाव दिलं, त्याच्या जगण्यामरण्याची थोडी जबाबदारी आपल्या घरावर येते, असं मी मानतो.

म्हणून एक विनंती. मुलांना प्राण्यांची नावं शिकवताना नावाशी थांबू नका. तो काय खातो, कुठे झोपतो, कशाला भितो, त्याच्यामुळे आपलं काय भलं होतं, तेही सांगा. आपल्या भागातल्या जाणत्या शेतकऱ्याला, मेंढपाळाला, मासेमारी करणाऱ्याला त्या जिवाचं खरं नाव विचारा. ते बहुधा त्यांच्याकडेच असतं. आणि उद्या वस्तीत बिबट्या, उदमांजर किंवा खवल्या मांजर दिसलं तर गर्दी करू नका, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका. त्याला वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.