मे महिन्यातला थापट्या

मोबाईल पालथे ठेवा आणि वर बघा. तृतीय वर्षाच्या क्षेत्रप्रकल्पाचे तुमचे अहवाल मी वाचून संपवलेत. आज शिकवणार नाही. आज ऐकून घ्यायचंय.

गावाबाहेरच्या तलावावरचे पक्षी नोंदवा, एवढंच काम दिलं होतं. महिना मे, वेळ सकाळी ६ ते ८. तुम्ही आणलंत काय? गुळगुळीत कागद, स्पायरल बाइंडिंग, रंगीत फोटो, आणि चौथ्या पानावर थापट्या बदकांचा थवा! अरे, थापट्या हिवाळी पाहुणा. थंडीत उत्तरेकडून येतो आणि उन्हं तापायच्या सुमाराला परत जातो. मेमध्ये आपल्या तलावात गुडघाभर पाणी उरत नाही, आणि तुम्हाला तिथे बदकांचे थवे दिसले? बरं, पाच अहवालांत तेच थवे, तेच आकडे. कुणाची तरी डिसेंबरची यादी उतरवलीत आणि वर तारीख तेवढी बदललीत. तुमच्यापैकी त्या तलावावर गेलं कोण होतं, ते सांगा.

सोबत शिफारसपत्रासाठी बायोडेटा जोडलेत. प्रत्येकात 'निसर्गाची प्रचंड आवड'. सकाळी सहाला अंथरुणातून उठवत नाही, ती कसली आवड? आवड असली की पाय आपसूक तिकडे वळतात, चपला चिखलाने भरतात, वही भिजते. तुमच्या अहवालांना तर साधा हाताचा डागही नाही.

भाषणात पक्षितज्ज्ञ सालिम अलींचं नाव घेता ना? मग त्यांचं काय झालं तेही ऐका. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेतली जागा हुकली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चरर झाले. पुढे रजा घेऊन बर्लिनला शिकायला गेले, आणि १९३० साली परत येतात तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. पदरी संसार, हातात पगार नाही. अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. आडोशाला बसून त्यांनी ती पाखरं न्याहाळली आणि जे दिसलं ते टिपलं. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडलं, तरच तो खालची नळी पुरी करतो आणि पुढच्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो. हे कळायला रोज तिथे जाऊन बसावं लागतं. कुणाच्या यादीतून ते उतरवता येत नाही. नंतर संस्थानांना त्यांनी सांगितलं, मुक्कामाचा खर्च द्या, मानधन नको. आणि हैदराबाद, त्रावणकोर, कोचीनची रानं पायाखाली घातली. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. पण त्यांच्या नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो, ही त्यांची कमाई त्याआधीची.

"सर, ती मोठी माणसं. आम्हाला नोकरी हवीय." हवीच. मी नोकरीबद्दलच बोलतोय. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे खाण, धरण, मोठा महामार्ग असल्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीसाठी लागणाऱ्या अहवालाकरता तिथले प्राणी-पक्षी नोंदवायला तुमच्यासारखीच पोरं जातात. तिथेही घरबसल्या यादी उतरवलीत, तर माळावर अंडी घालणारा पक्षी कागदावर येणारच नाही, आणि जो कागदावर नाही त्याच्यासाठी बुलडोझर थांबत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही हंगामाबाहेरची नोंद टाकून बघा, पुरावा मागतात. हे क्षेत्र लहान आहे. चोख काम करणाऱ्याचं नाव तोंडोतोंडी पोचतं. थापा मारणाऱ्याचं त्याहून लवकर पोचतं, आणि मग कुणी दारात उभं करत नाही.

तुमच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. कुणी पहाटे दूध घालून येतो, कुणी रात्रपाळी करून वर्गात बसतो. मग तसं लिहायचं होतंत! चारच दिवस जाता आलं, हे लिहायला लाज कसली? तुमच्यातल्याच एकीने लिहिलंय. हाताने लिहिलेली पानं, पक्षी फक्त नऊ, त्यातल्या एकापुढे 'ओळखता आला नाही'. पण खाली नोंद आहे: टिटवी पाण्यात उतरली, पोटाची पिसं भिजवली आणि तशीच ओली अंड्यांवर जाऊन बसली, असं तीनदा केलं. उन्हाच्या तडाख्यात अंडी गार ठेवायची तिची ही रीत. ही मुलगी तिथे बसली होती, याला दुसरा पुरावा नको. तिचं शिफारसपत्र मी काल लिहून दिलं.

बाकीच्यांनी आपापले अहवाल उचला. यातल्या एकावरही माझी सही होणार नाही. उद्यापासून पंधरा दिवस सकाळी सहाला तलावावर यायचं, वही आणि पेन्सिल घेऊन. कामावर जाणाऱ्यांनी आपली वेळ मला सांगा, संध्याकाळी या, मी थांबेन. पाऊस लागलाय, काठच्या बाभळींवर सुगरणी विणायला लागतील. एक घरटं धरा आणि रोज तेच बघा. दिसेल तेवढंच लिहा. पक्षी ओळखू आला नाही तर तसं लिहा, मला विचारा, दहादा विचारा. पण न पाहिलेला एकही पक्षी पुन्हा माझ्या टेबलावर आला, तर त्या वहीवर या वर्षी सही मिळणार नाही. मग घरून कुणालाही घेऊन या.