न विचारलेला प्रश्न

आपल्या अंगणात मोटारीची लहानसहान दुरुस्ती स्वतःच्या हाताने करणारे पुष्कळ जण आपल्या धर्मग्रामांत आहेत. नाझरेथच्या सुताराच्या घरीही हातांना काम होतेच. तेव्हा यात कमीपणा कसला? अशाच एका तरुणाने रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला एक प्रश्न विचारला. त्याच्या संमतीने तो आम्ही येथे मांडीत आहोत, कारण तो त्याच्या एकट्याचा नाही.

त्याच्या जुन्या मोटारीचे रेडिएटरजवळचे दोन्ही पंखे निकामी झाले होते. मूळ कंपनीचे पंखे परवडेनात, म्हणून त्याने दुसऱ्या उत्पादकाचे स्वस्त पंखे आणले. इंजिन थंड होऊ दिले, बॅटरीची तार सोडविली आणि नवे पंखे स्वतः बसविले. एक पंखा उलटा फिरू लागला, तेव्हा तारांची अदलाबदल करून तोही सरळ केला. गाडी चालू लागली. परंतु महामार्गावर वाहनांची रांग लागली आणि एसी चालू असला, की तापमानाचा काटा वर सरकू लागे. आता ती गाडी त्याला विकायची होती. गिऱ्हाईक मोकळ्या रस्त्यावर ती चालवून पाहून समाधानाने परतले होते. तरुण म्हणाला, “फादर, त्याने पंख्यांविषयी विचारलेच नाही. मग मी आपणहून सांगायलाच हवे का?”

येथे यंत्राचा धर्म समजून घ्यावा लागतो. गाडी वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटरला थंड ठेवतो. त्या वेळी पंख्याची फारशी गरज नसते. त्याची खरी कसोटी गाडी थांबल्यावर लागते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर हा दोष दिसणार नाही. तो दिसेल भर उन्हात, खोळंबलेल्या रांगेत, गाडीत मुलेबाळे असताना. इंजिन अति तापले तर सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट फुटते. आणि घाबरून कोणी रेडिएटरचे झाकण उघडले, तर उकळते पाणी अंगावर उसळते.

स्वस्त पंखा बसविणे हे पाप नव्हे. संत थॉमस अक्वायनस (मृत्यू 1274) यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. किमयागाराने बनविलेले सोने खऱ्या सोन्याच्या नावाने विकणे ही फसवणूक होय. मात्र त्यात खऱ्या सोन्याचे सारे गुण खरोखरच उतरले, तर ते विकण्यास हरकत नाही, असे ते म्हणतात. त्याच न्यायाने, दुसऱ्या उत्पादकाचा पंखा हवा तितका वारा देत असेल, तर तो दोष नव्हे. त्यावर मूळ कंपनीचे नाव छापले, तर मात्र ते असत्य झाले.

पुढे ते विक्रेत्याने दोष सांगावा काय, असे विचारतात. एका डोळ्याने आंधळा घोडा गिऱ्हाइकाला दिसतो. किंमत त्या मानाने कमी असेल, तर विक्रेत्याने बोललेच पाहिजे असे नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून धोका किंवा नुकसान संभवत असेल, तर तो सांगितलाच पाहिजे.

“जुनी गाडी घेणारा पारखूनच घेतो,” तरुण म्हणाला. यातही तथ्य आहे. गाडीवरचा ओरखडा, झिजलेले टायर पारखता येतात. पण जे पारखण्याची संधीच गिऱ्हाइकाला मिळाली नाही, ते त्याने पारखले असे कसे म्हणावे? खोटी साक्ष केवळ जिभेने दिली जात नाही; ती मौनानेही दिली जाते.

“किंमत पाच हजारांनी उतरेल, फादर.”

आम्ही म्हणालो, “बाळा, ते पाच हजार तुझे नव्हतेच.”

तो काहीसा खट्टू होऊन गेला. पुढच्या आठवड्यात त्याने गिऱ्हाइकाला सारे सांगितले आणि गिऱ्हाईक मागे फिरले. सत्याचा मोबदला दर वेळी हाती पडतोच असे नाही, हे आम्हीही त्याच्यापासून लपवू शकलो नाही. गाडी अजून त्याच्या अंगणात उभी आहे. पुरेसा वारा देणारे पंखे घेण्यासाठी तो पैसे साठवीत आहे.

वाचकहो, आपल्यातील दोषही वेगात असताना झाकलेले राहतात. थांबल्यावरच ते आपल्याला कळतात, आणि तेव्हा आपल्याबरोबर कोणीतरी बसलेले असते.