वैद्याचा धनी कोण?

जन्मभर टाळकऱ्यांपुढे उभा राहून बोललो. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून बसून लिहितो. आज एक घरचीच गोष्ट सांगतो.

मागच्या कार्तिकीआधी आमच्या सौभाग्यवतींच्या छातीत कळ आली. मुलाने जिल्ह्याच्या गावी मोठ्या इस्पितळात नेले. तिथला डॉक्टर आमच्याच पंचक्रोशीतला निघाला. लहानपणी काल्याच्या कीर्तनात लाह्यांसाठी अगदी पुढे बसणारा पोरगा! त्याने तपासले, कागदावर अँजिओग्राफी लिहिली. संध्याकाळी मी बाहेर टपरीवर चहा घेत होतो. तो आला, पायांवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "महाराज, काकूंचा त्रास मला पित्ताचा वाटतो. ईसीजी आणि रक्ताचा तपास, दोन्ही ठीक आहेत. घाई करू नका, दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवा. पण माझं नाव घेऊ नका."

मी विचारले, "मग बाळा, कागदावर तसं का लिहिलंस?"

तो म्हणाला, "दर महिन्याला बैठक असते. कोणी किती रोगी भरती केले, किती तपासण्या लिहिल्या, त्याचा तक्ता पडद्यावर लावतात. माझं नाव दोनदा तळाला होतं."

आम्ही दुसरीकडे दाखवले. गोळ्यांवर भागले. मंडळी आता बरी आहेत.

त्या पोरावर मला राग आला नाही. मला माझीच आठवण झाली. एका सप्ताहात संयोजकांनी पाकीट हातात ठेवून सांगितले होते, "महाराज, आमच्या साहेबांबद्दल दोन शब्द चांगले बोला." निरूपण निःस्पृहतेवर होते आणि मी ते दोन शब्द बोललो! गळ्यात माळ संतांची होती, पण त्या घटकेला जीभ पाकीटवाल्याची झाली होती. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये हा दंडक आपल्या संतांनी उगाच घातला नाही. बोलणाऱ्याचा धनी बदलला की बोलणे बदलते. वैद्याचेही तसेच आहे.

लोभ काही आजचा नाही. तालुक्याच्या जुन्या दवाखान्यातही कोणी नको ती सुई टोचत असे, कोणी रोगी पाठवल्याचे कमिशन घेत असे. असे कमिशन घेऊ नये आणि देऊ नये, हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. पण त्या जुन्या डॉक्टरचा लोभ त्याचा स्वतःचा होता, आणि आठवडी बाजारात त्याला आपल्याला तोंड दाखवावे लागे. आता धनी दूर गेला. पुण्यातल्या सह्याद्री इस्पितळांचेच पाहा. २०२२ मध्ये त्यांची मोठी मालकी कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन निधीकडे गेली. २०२५ मध्ये मणिपाल समूहाने ती घेण्याचा करार केला. यात कोणावर ठपका ठेवायचा नाही. तो दूरदेशीचा मास्तर भला माणूस असेल, त्याला म्हातारपणी पेन्शन हवी एवढेच. पण पुण्यात खाटेवर कोण कण्हते आहे, हे त्याला दिसत नाही. मालकीच्या अशा लांब साखळीत रोग्याचे तोंड पाहणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे डॉक्टर. त्याच्याही डोळ्यांपुढे तक्ता धरला, तर रोग्याला पाहणारे कोणीच उरत नाही.

डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अठ्ठ्याहत्तर डॉक्टरांशी बोलून २०१६ साली एक पुस्तक काढले. त्यातली व्यथा टपरीवरच्या व्यथेहून निराळी नाही. म्हणजे तळमळ आहे, पण ती बोलायला जागा नाही.

कोणी म्हणेल, "महाराज, यंत्रांना कोटी लागतात, ते कोण देणार?" खरे आहे. मोठ्या इस्पितळांनी जीव वाचवलेले मीही पाहिले आहेत. भांडवल पाप नाही आणि पगार घेणेही पाप नाही. केलेल्या कामाचा पगार वेगळा आणि लिहिलेल्या तपासण्यांच्या आकड्यावर तोललेला पगार वेगळा. मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर, १९७६ साली, अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देऊ शकणाऱ्यांच्या पैशातून न देऊ शकणाऱ्यांचे डोळे तिथे होतात, आणि तरीही ते एवढे मोठे झाले. तेव्हा मोठेपणा आणि लोभ यांची गाठ देवाने बांधलेली नाही.

तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेल. तिचा अर्थ मला आता कळतो आहे. कुळाचा आणि त्यांचा संबंध वहीतून होता. वही मधून निघाली, तेव्हा समोरचा माणूस दिसला. डॉक्टर आणि रोगी यांच्या मधली वही आज कोणी काढायची?

माझ्या मनाला एक काटा अजून सलतो. आमच्या शेजारच्या खाटेवर एक मजूर बाई होती. तिला टपरीवर कोण भेटणार होते? त्या पोराने मला खरे सांगितले, कारण मी ओळखीचा. ओळखीपुरते खरे बोलणे हा अर्धाच धर्म झाला. आणि त्याची नोकरी जाईल म्हणून मीही तिला काही बोललो नाही. माझा धर्म तर अर्धाही झाला नाही.

म्हणून वाचकहो, ओळख नसली तरी चालेल असे काही हाती धरा. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हा तुमचा हक्क आहे. कागदपत्रे मागितल्यावर बहात्तर तासांत द्यावीत, हेही त्या २००२ च्या नियमांत आहे. नम्रपणे मागा, पण मागा. आणि गावातला जो पोरगा डॉक्टर होईल, त्याला "पॅकेज किती?" असे विचारण्याआधी "खरं बोलता येतं का तिथं?" असे विचारा. आपणच त्याला आकड्याने मोजू लागलो, तर मालकाला काय बोल लावायचा?

टपरीवर सांगितलेले त्याला आत, खाटेजवळ, मोठ्याने सांगता यावे, एवढेच पांडुरंगाकडे मागणे.

रामकृष्ण हरी.