बाँड आणि निकाहनामा

दोन वर्षांपूर्वी ईदनंतर आमच्या साकोलीत एक रिश्ता मोडला. रिश्ते जुळतात आणि मोडतात, गावात त्याची चर्चा आठवडाभर चालते आणि मग लोक धानाच्या भावाकडे वळतात. पण त्या रिश्त्याच्या वेळी मी मुलीला जो सल्ला दिला होता, तो मला अजून टोचतो. हा लेख त्या टोचणीतून लिहिते आहे.

मुलगी माझी विद्यार्थिनी. मी बी.एड. करून उर्दू शाळेत नोकरीला लागले तेव्हा ती आठवीत होती. दहावीनंतर उर्दू सुटलं, विज्ञान इंग्रजीतून शिकावं लागलं. पहिल्या वर्षी ती रडायची, मग सावरली. नागपूरला बी.डी.एस. केलं आणि लष्कराच्या दंतवैद्यकीय दलात अधिकारी म्हणून निवडली गेली. आमच्या मोहल्ल्यातून फौजेत जाणारी ती पहिलीच मुलगी. आधी ठराविक वर्षांची नोकरी होती, ती पुढे कायम झाली आणि मग लष्कराने तिला एम.डी.एस.साठी निवडलं. तीन वर्षांचा अभ्यास, पगार चालू, शिक्षणाचा खर्च सरकारचा. बदल्यात तिच्याकडून लिहून घेतलं की शिक्षण झाल्यावर अमुक वर्षं सेवा करीन, मधेच सोडली तर पैसे भरीन. यालाच आपण बाँड म्हणतो.

त्याच महिन्यात रिश्ता आला. मुलगा सुशिक्षित, घर चांगलं, दुकान चालतं. मुलाकडच्यांचा समज असा की पोरगी डॉक्टर आहे, लग्नानंतर फौज सोडेल आणि घराखाली दवाखाना टाकेल. तिची अम्मी माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, बाँड का अभी बताना क्या? फौज में रही तो ससुराल में कौन रहेगा, पूछेंगे ना वो लोग." मी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आत्ता नका सांगू. निकाह होऊ दे, मग मुलगा समजून घेईल."

असं मी म्हणाले. वर्गात सचोटीवर धडे शिकवणारी मी.

मुलीने ऐकलं नाही. तिने स्वतः फोन करून मुलाला सगळं सांगितलं. आठ दिवसांत रिश्ता मोडला. अम्मी तिच्यावर चिडली आणि माझ्याकडे येऊन रडली. मी गप्प बसले.

त्यानंतर मी या प्रश्नाचा विचार करू लागले. ज्याने शिक्षणाचा खर्च केला त्याचा आपल्यावर हक्क किती? ज्याच्याशी निकाह लावला त्याचा किती? आणि दोन्ही हक्क एकाच वेळी समोर आले तर?

पहिली बाजू लष्कराची. पुष्कळ लोक म्हणतात, बाँड म्हणजे सरकारी कागद, पैसे भरले की सुटका. मला हे पटत नाही. लष्कराचा पैसा आभाळातून पडत नाही. साकोलीतला धान पिकवणारा शेतकरी काडीपेटी विकत घेतो तेव्हा त्यातही कर देतो. त्या पैशाने एक जागा तयार होते, ती जागा एकाला मिळते तेव्हा दुसऱ्याला मिळत नाही. ती घेऊन मागे फिरणं म्हणजे नुसतं कर्ज बुडवणं नाही, दुसऱ्याची जागा अडवणंही आहे. दिलेला करार पुरा करावा ही आपल्या दीनची ताकीद आहे, आणि तिथे करार सरकारशी की शेजाऱ्याशी असा फरक केलेला नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने अशीच योजना सुरू झाली. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याची फी लष्कर भरतं, आणि जितकी वर्षं फी भरली तितकी वर्षं त्याने वर्दीत काम करायचं. तिथे विद्यार्थी विवाहित असला तरी चालतं. घेणं-देणं सरळ आहे: पैसा दिला, काम घेतलं.

पण पैसा देणाऱ्याने कामापलीकडे काही मागितलं तर? आपल्याकडे मागितलं गेलं आहे. सेलिना जॉन यांची हकिकत ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्या १९८२ साली लष्करी परिचर्या सेवेत प्रशिक्षणार्थी म्हणून आल्या, १९८५ साली लेफ्टनंट झाल्या. १९८८ साली त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि त्याच वर्षी त्यांना सेवेतून काढलं. १९७७ च्या एका लष्करी आदेशात लग्न हे परिचारिकेला काढण्याचं एक कारण म्हणून लिहिलेलं होतं. नवरा लष्करात राहिला, बायको बाहेर. तो आदेश १९९५ साली मागे घेतला गेला, पण त्यांना न्याय मिळायला फार वेळ लागला. २०१६ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी आणि स्त्रियांशी भेदभाव करणारा ठरवला आणि साठ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. नोकरी गेली त्याला तोवर पस्तीस वर्षं उलटून गेली होती. साठ लाख ही रक्कम ऐकायला मोठी वाटते. त्या पस्तीस वर्षांत भाग घालून बघा.

इथे मला एक फरक करावासा वाटतो, आणि काही भगिनींना तो आवडणार नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला सगळे ए.एफ.एम.सी. म्हणतात, एम.बी.बी.एस.ला अविवाहितांनाच प्रवेश मिळतो आणि शिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही. हा नियम मुलांना आणि मुलींना सारखाच आहे. वरवर पाहता हाही लग्नात हात घालणंच झालं. तरी एक शिक्षिका म्हणून मला हा नियम वाईट वाटत नाही. माझ्या वर्गातल्या किती मुली बारावीच्या निकालाआधीच मंडपात बसल्या याचा हिशेब मी ठेवला होता, नंतर ठेवणं सोडलं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला "मला लग्न करायचं नाही" असं बापाला तोंडावर सांगणं जड जातं. "मला परवानगी नाही" असं सांगणं सोपं जातं. तो कागद तिच्यासाठी ढालीचं काम करतो. अट ठराविक वर्षांची आहे, आधी सांगितलेली आहे, सगळ्यांना सारखी आहे. सेलिना जॉन यांच्या प्रकरणात मुख्य दोष हा होता की एकाच लग्नातल्या दोघांपैकी शिक्षा एकीलाच झाली.

हा एकीचा हिशेब अजून पूर्ण मिटलेला नाही. लष्कराच्या दंतवैद्यकीय दलाची स्थापना १९४१ सालची. २०२२ मधल्या त्याच्या भरतीत तीस जागांपैकी सत्तावीस पुरुषांना ठेवल्या होत्या. परिणाम काय झाला? गुणवत्ता यादीत २३९४ व्या क्रमांकापर्यंतच्या पुरुषांना मुलाखतीला बोलावलं, आणि स्त्रियांना फक्त २३५ व्या क्रमांकापर्यंत. २०२३ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायालयाने सरकारला खडसावलं, की हे घड्याळाचे काटे उलटे फिरवणं आहे. दात काढायला छातीची रुंदी लागत नाही. मनात कुठेतरी असतं, की बाई आहे, उद्या लग्न करेल, मूल होईल, बदली नको म्हणेल. सासरचे लोक ज्या भीतीने फौज नको म्हणतात, त्याच भीतीने फौज बाई नको म्हणत असेल तर बाईने जायचं कुठे?

आता दुसरी बाजू. तिला हलकं लेखून चालणार नाही. मुलीला नकार देणाऱ्या त्या घरावर मी खूप दिवस रागावले होते. आता तितकी रागावत नाही. नवरा-बायकोला एकमेकांचा सहवास मिळणं ही चैन नाही, हक्क आहे. हजरत उमर यांची गोष्ट आपल्या घरांत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना त्यांनी एका स्त्रीचा विलाप ऐकला. तिचा नवरा मोहिमेवर होता. ते आपली मुलगी हजरत हफ्सा यांच्याकडे गेले आणि विचारलं की स्त्री नवऱ्यावाचून किती काळ सबर करू शकते. उत्तर चार महिन्यांचं मिळालं, काही रिवायतींत सहा आहे. त्यावरून त्यांनी सैनिकांना त्याहून जास्त काळ घरापासून दूर ठेवू नये असा हुकूम काढला. लहानपणी ही गोष्ट मी खलिफाच्या इन्साफची म्हणून ऐकली होती. आज मला तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, घरगुती दुःखासाठी राज्याने लष्कराचा नियम बदलला, दुःख करणारीला सबर करायला सांगितलं नाही. दुसरी, त्याआधी बापाने लाज बाजूला ठेवून मुलीला विचारलं. आपण आपल्या मुलींना काही विचारतो का?

आणि दूर राहण्याचं म्हणाल तर आपल्या समाजाला ते नवं आहे का? रत्नागिरी-रायगडच्या घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजावर गेले, नंतर आखातात गेले. आमच्या गावावरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, त्यावरच्या ट्रकचा ड्रायव्हर महिन्यातले किती दिवस घरी असतो? दुबईवाला जावई दोन वर्षांनी एकदा येतो, तरी त्याच्या रिश्त्यासाठी रांग लागते. त्याच्या बायकोच्या सबरची कुणी चौकशी करत नाही. सवाल दुराव्याचा असता तर तिथेही उठला असता. दूर जाणारी बाई असली की मगच दुरावा डोळ्यांत येतो.

अशा वेळी लोक मोठ्यांचे दाखले देतात. डॉ. माधुरी कानिटकर ए.एफ.एम.सी.त शिकल्या, २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या, त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल होते. पुढे त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मीही मुलींना हा दाखला देते, अभिमानाने देते. पण त्याने आमच्या मुलीचा प्रश्न सुटत नाही. नवरा-बायको दोघं वर्दीत असतील तर एका ठिकाणी नेमणुकीचा निदान विचार होतो. नवऱ्याचं दुकान असेल तर दुकानाची बदली होत नाही.

मग तोडगा काय? माझ्याकडे मोठा तोडगा नाही. एवढं मात्र मला कळलं आहे की माझ्या सल्ल्यात चूक नेमकी कुठे होती. मी त्या मुलाला फसवायला निघाले होते. कुरआनात निकाहला पक्का करार म्हटलं आहे. तीनदा कबूल म्हणताना माणूस कशाला कबूल म्हणतो आहे हे त्याला माहीत नको? बाँडवर सही करताना लष्कराने तिला प्रत्येक अट वाचायला दिली होती. निकाहच्या करारात मात्र आपण मेहरची रक्कम सोडून काही लिहित नाही. शरीअतीच्या विरोधात न जाणारी शर्त निकाहनाम्यात घालता येते. आमच्याकडच्या छापील फॉर्मात त्यासाठी जागासुद्धा असते. काझी साहेब तिथे आडवी रेघ ओढून मोकळे होतात. शर्त लिहिली तर भरोसा नाही असं वाटेल, म्हणून कुणी बोलत नाही. मग न लिहिलेल्या शर्ती निघतात, आणि त्या सगळ्या मुलीच्या वाट्याला येतात.

वर्षभराने तिला दुसरा रिश्ता आला. मुलगा गोंदियाचा, कापडाचं दुकान. या वेळी मी अम्मीबरोबर बसले आणि बाँडचा कागद पिशवीतून काढून समोर ठेवला. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलाने विचारलं, "पढाई के बीच में छुट्टी मिलती है क्या?" त्या दिवशी घरातला हा पहिला कामाचा प्रश्न होता.

निकाहनाम्यात या वेळी रेघ ओढली नाही. शिक्षण आणि बाँडची सेवा पुरी होईपर्यंत ती नोकरी सोडणार नाही, ही शर्त लिहिली. मुलानेही एक लिहायला लावली, की सुट्टी मिळाली की ती आधी गोंदियाला येईल, माहेरी नंतर. काझी साहेब हसले. अम्मी नाराज झाली, पण सही झाली.

संसार सुखाचा चालला आहे असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांतलं एक संपलं आहे. सासू विचारते, मूल कधी. शिकताना मूल झालं तर अभ्यासाचं काय, आणि थांबावं तर वय तिशीकडे चाललं, याचं उत्तर ना बाँडमध्ये आहे ना निकाहनाम्यात. तिने मला फोनवर विचारलं तेव्हा मी या वेळी सल्ला दिला नाही. म्हटलं, तुम्ही दोघं बसून बोला, आणि काय बोलायचं ते आधी त्याला सांग, मला नको. मागच्या ईदला ती चार दिवसांसाठी आली होती. पहिले तीन दिवस गोंदियाला आणि शेवटच्या दुपारी दोन तास आमच्या घरी. नवरा बाहेर स्कूटरवर थांबला होता, गाडीची वेळ झाली म्हणून हॉर्न वाजवत होता. ती जाता जाता माझ्या अम्मीच्या दाढेत टॉर्च मारून बघत होती आणि म्हणत होती, "नानी, हा दात काढावा लागेल, पण पुढच्या सुट्टीत."